गोळीच्या नाकातला कापूस

पवनारच्या बाजारात मला अजून ‘गोळीवाली बाई’ म्हणतात. नव्या माणसाला वाटतं, औषधाचं दुकान असेल. मी काही दुरुस्ती करत बसत नाही. परवा एका म्हाताऱ्यानं गुडघे दाखवले, त्यालाही गरम पाण्यानं शेकायला सांगून मोकळी झाले.

माझी नोकरी वेगळ्या गोळ्यांची. पोलीस जिथं पुरावे तपासायला पाठवतात त्या सरकारी प्रयोगशाळेत, बंदुकांच्या विभागात मी उभी हयात काढली. माणसाच्या अंगातून, भिंतीतून, सागाच्या खोडातून, एकदा तर म्हशीच्या शिंगातून काढलेली गोळी माझ्या टेबलावर यायची आणि ती कोणत्या हत्यारातून निघाली, कशातून गेली, हे मी सांगायचं. बाईमाणूस हे काम करते यावर लोकांचा विश्वास बसत नसे. एका ठाण्याचा हवालदार पुडकं घेऊन आला आणि म्हणाला, “बाई, साहेबाले बलवा.” मी म्हटलं, “साहेब मीच.” त्यानं माझ्याकडं पाहिलं, खुर्चीमागं पाहिलं, दाराकडं पाहिलं आणि पुडकं छातीशी धरून तासभर बाकावर बसून राहिला. शेवटी त्याला भूक लागली तेव्हा दिलं.

आणि पुडकी तरी कशी! लाखेचं सील लावून पाठवायचं असतं, पण कुणी तंबाखूच्या डबीत पाठवी, कुणी काजळाच्या. सगळ्यांची एक खोड मात्र सारखी. गोळी कापसात गुंडाळलेली असायची. डॉक्टर शवविच्छेदनात गोळी काढणार, धुणार आणि छोट्या शिशीत कापूस घालून त्यात ठेवणार. आमच्याकडंही कापूसच. सापडलेल्या हत्यारातून आम्ही चाचणीची गोळी झाडायचो ती कापसानं ठासलेल्या लांब पेटीत, म्हणजे गोळी थांबते आणि तिच्या अंगावर ओरखडा उठत नाही. माझे वडील देवळीच्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. घरी येत तेव्हा भुवयांवरसुद्धा कापूस असायचा. कापसातून सुटका व्हावी म्हणून त्यांनी मला शिकवलं आणि सरकारनं मला नेऊन पुन्हा कापसाच्या पेटीसमोर उभं केलं. घ्या!

आता जी हकीकत सांगायची आहे तिच्यात हा कापूसच आहे, म्हणून एवढं पाल्हाळ लावलं.

हिंगणीच्या अलीकडं एक गाव आहे. तिथं दोन भाऊ राहायचे. थोरला सुधाकर, धाकटा गुणवंत. वडील वारलेले, आई वच्छलाबाई. वडिलांचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर होतं आणि वडिलांमागं त्याचा परवाना सुधाकरनं आपल्या नावावर करून घेतला होता. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. तसा निरोप गावात आला. सुधाकरनं कपाटातून रिव्हॉल्व्हर काढलं, ते भरलेलं होतं आणि ते रिकामं करता करता गोळी सुटली. समोरच्या बैठकीच्या खोलीत गुणवंत होता. तो जागीच गेला.

हे सुधाकरचं म्हणणं. गावाचं म्हणणं निराळं. त्या दिवशी सकाळीच दोघा भावांचं कडाक्याचं भांडण झालेलं. गुणवंत म्हणत होता, कापूस आताच विकून टाकू, सुधाकर म्हणत होता, भाव चढू दे. “तुले अक्कल नाई,” “तूच खाय मंग तो कापूस,” असं सगळ्या गल्लीनं ऐकलेलं. पोलिसांनी दोन आणि दोन चार केले. भांडण झालं, हत्यार हाताशी होतं, गोळी घातली. खुनाचा गुन्हा नोंदवला आणि सुधाकरला आत टाकलं.

माझ्याकडं आलं ते रिव्हॉल्व्हर, उरलेल्या काडतुसांचा डबा, गुणवंतचा शर्ट आणि शिशीत कापसावर निजलेली ती गोळी.

काडतुसं जुनी, परदेशी, वडिलांच्या वेळची होती. त्यांच्या गोळ्या पोकळ नाकाच्या. म्हणजे गोळीच्या टोकाला खड्डा असतो. अशी गोळी शरीरात शिरली की आतला ओलावा त्या खड्ड्यात जोरानं घुसतो, खड्ड्याच्या भिंती बाहेर ढकलतो आणि गोळीचं तोंड भोपळ्याच्या फुलासारखं फाकतं. मात्र त्यासाठी दोन गोष्टी जमाव्या लागतात. गोळीला पुरेसा वेग हवा, आणि शिसं मऊ हवं. शिशात अँटिमनी नावाचा धातू मिसळला की ते कडक होतं. कडक शिसं हटवादी माणसासारखं, आतून कितीही दाब आला तरी उघडणार नाही. मऊ शिसं उघडेल, पण वेग कमी पडला तर तेही मिटलेलंच राहील. त्यात बत्तीस बोअरचा वेग मुळातच बेताचा, त्यामुळं सगळा मामला काठावरचा असतो. थोडं इकडं झालं तर उघडते, थोडं तिकडं झालं तर नाही.

गुणवंतच्या अंगातून निघालेली गोळी उघडली नव्हती. खड्डा जसाच्या तसा. काठ जरा चेपलेला, बस.

माझे सहकारी काळे चांगले कामसू गृहस्थ, पण त्यांना जेवणाच्या सुट्टीआधी प्रत्येक प्रकरण मिटवायचं असे. त्यांनी डब्यातली दोन काडतुसं रोजच्या पद्धतीनं कापसाच्या पेटीत झाडली. त्या गोळ्याही उघडल्या नाहीत. काळे म्हणाले, “झालं. शिसं कडक असणार. गोळी उघडत नाही म्हणून उघडली नाही. सही करा मॅडम, जेवणाचा डबा उघडू.”

मी सही केली नाही. आधी शिसं किती कडक ते बघू, म्हटलं. त्याची पद्धत सोपी असते. शिशावर पोलादाची बारीक गोटी ठेवायची, ठरावीक वजनानं दाबायची आणि खळगा किती पडला ते भिंगाखाली मोजायचं. या शिशावर खळगा हा एवढा पडला. शिसं कसलं कडक, कणकेचा गोळा होता नुसता. मग वेग मोजला. म्हटलं, जुनी काडतुसं आहेत, दारू सर्दावली असेल. तसंही नव्हतं. वेग जेवढा असायला हवा तेवढा होता. म्हणजे शिसं मऊ, वेग पुरेसा, आणि गोळी तरी मिटलेली. काळे डोकं खाजवत म्हणाले, “मग ही बाई उघडत का नाही?”

पेटीतून काढलेल्या गोळ्या मी पुन्हा हातात घेतल्या आणि त्यांच्या नाकात पाहिलं. खड्ड्यात कापूस ठासून भरला होता. आता खड्डाच बुजला तर आत घुसायचं कशानं आणि भिंती ढकलायच्या कुणी? पोकळ नाकाची गोळी कापसातून गेली की ती साधी गोळी होऊन बसते. आम्ही पाण्याच्या टाकीत झाडून पाहिलं. पाण्यात पडलेली प्रत्येक गोळी फाकली. मग टाकीच्या तोंडाशी कापसाचा थर धरून झाडलं. एकही फाकली नाही.

मी गुणवंतच्या गोळीकडं वळले. तिच्याही खड्ड्यात कापूस होता. पहिल्या दिवसापासून होता, सगळ्यांनी पाहिला होता आणि सगळ्यांनी शिशीतला समजून सोडून दिला होता. चिमट्यानं ओढला तर निघेना. शिशीतला कापूस चिकटलेला असता तर फुंकरीनं उडाला असता. सुईनं कोरून काढला आणि भिंगाखाली ठेवला, तर त्यात सरकीच्या टरफलाचा काळा कण आणि वाळक्या पानाचा चुरा. हा चुरा मी लहानपणी वडिलांच्या सदऱ्यावरून रोज झटकलेला. दवाखान्यातला कापूस धुतलेला, पांढराशुभ्र, त्यात पान कुठलं? हा बोंडातून वेचून थेट घरात आणलेला कापूस होता.

तपास अधिकाऱ्याला फोन लावला. म्हटलं, “घरात कापूस होता का?”

“नाई मॅडम. पंचनाम्यात कापूस नाई. बैठक पूरी खाली होती.”

“अहो साहेब, कापूस विकायचा की ठेवायचा यावर दोघे भांडले ना? मग तो कापूस होता कुठं? वेचणीच्या दिवसांत तुमच्या त्या भागात घरात पाय ठेवायला जागा नसते, अंगाला खाज सुटते इतका कापूस असतो. आणि यांची बैठक रिकामी?”

पलीकडं त्यानं पंचनाम्याचे कागद चाळले. मग म्हणाला, “मॅडम, बात तो सही है. इचारतो.”

विचारल्यावर कळलं ते असं, आणि ऐकून मी कपाळावर हात मारला. कापूस बैठकीतच होता, छातीएवढा ढीग, पलीकडं बसलेला माणूस दिसू नये असा. पण माणूस गेला म्हटल्यावर मयत ठेवायला जागा नको? बायाबापड्या येतात, त्यांना बसायला नको? शेजाऱ्यांनी धावत येऊन घमेल्यांनी, चादरींनी सगळा कापूस मागच्या कोठीत नेऊन ओतला, बैठक झाडून घेतली आणि गुणवंतला तिथं नीट निजवलं. पोलीस आले ते त्यानंतर. आपल्याकडं दुःखाच्या घरी माणूस पहिलं काम हेच करतं, जागा करतं. कुणाच्या मनात काही पाप नव्हतं. पण त्यांनी सुधाकरचा एकुलता एक साक्षीदार उचलून कोठीत टाकला.

मी अहवालात लिहिलं, गोळी शरीरात शिरण्याआधी कच्च्या कापसाच्या थरातून गेलेली आहे. तरी खटला उभा राहिलाच. पोलिसांचं म्हणणं, कापूस शिशीतला. आणि ढीग होता असं सांगणारे सगळे गणगोत, त्यांचं काय ऐकायचं?

दरम्यान मी निवृत्त झाले. लोकांना वाटतं निवृत्ती म्हणजे सुटका. आमच्या धंद्यात तसं नसतं, समन्स मागं लागतात. नातवंडांना भरवता भरवता पोलीस दारात उभा, “मॅडम, वर्ध्याच्या कोर्टात गवाही हाय.” याही खटल्याचं समन्स आलं आणि मी पवनारहून बसनं गेले.

कोर्टाच्या व्हरांड्यात एक म्हातारी उभी होती. हाडकुळी, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. कुणीतरी तिला मला दाखवलं असावं. सरळ आली आणि माझा हात धरला.

“गोळीवाल्या बाई तुमीच ना? मी त्याईची माय. दोघायचीई. मले एकच इचारायचं हाय.”

साक्षीआधी कुणाच्याही माणसाशी बोलायचं नाही, हा नियम मी जन्मभर पाळला. मी हात सोडवून घेतला. “आई, आत्ता मला बोलता येत नाही. तुमच्याच पोराचं नुकसान होईल.”

“माह्या कोनत्या पोराचं?” ती म्हणाली.

पुकारा झाला आणि मी आत गेले. आरोपीच्या पिंजऱ्यात सुधाकर मान खाली घालून उभा होता.

सरकारी वकील तरुण होते, हुशार. त्यांनीच मला बोलावलं होतं आणि माझा अहवाल त्यांच्याच गळ्यात अडकला होता. त्यांनी विचारलं, “गोळी वेग कमी असल्यामुळं उघडली नसेल, असं होऊ शकतं?”

“होऊ शकतं. पण त्याच डब्यातल्या गोळ्यांचा वेग आम्ही मोजला. उघडण्याइतका आहे. पाण्यात त्या उघडतात.”

“शिसं कडक असेल.”

“दाबून पाहिलं. मऊ आहे.”

“तो कापूस शर्टाचा असू शकतो.”

“शर्ट टेरिलीनचा आहे. आणि शर्टाचा असता तर पिळाचा धागा मिळाला असता. हे सुटे तंतू आहेत.”

“मग डॉक्टरांच्या शिशीतला, किंवा तुमच्याच पेटीतला.”

“पेटीत आम्ही जिनिंगमधली साफ केलेली रुई भरतो, आणि पुराव्याची गोळी पेटीजवळ जातच नाही. शिशीतल्याचं म्हणाल तर ते इथंच दाखवता येईल. मला एक ग्लास पाणी मिळेल का?”

न्यायाधीश म्हणाले, “प्यायला?”

“नाही साहेब, दाखवायला. मग पिईन.”

पाणी आलं. माझ्या पर्समध्ये मी दोन कागदी पुड्या नेल्या होत्या. एकीत औषधाच्या दुकानातला कापूस, दुसरीत पवनारच्या शेतातल्या बोंडातला. दुकानातला पाण्यावर ठेवला, तो क्षणात भिजून बुडाला. बोंडातला ठेवला, तो तरंगत राहिला. बोटानं दाबला तरी वर आला. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा हात असतो, त्याला पाणी धरत नाही. दवाखान्यासाठी तो धुऊन काढतात. “गोळीच्या खड्ड्याच्या अगदी तळाशी, रक्त पोचलं नव्हतं तिथले तंतू आम्ही असेच पाण्यावर ठेवले होते,” मी म्हटलं. “ते तरंगले.”

मागच्या बाकांवरून कुणीतरी म्हणालं, “पराटीचाच हाय थो.” पराटी म्हणजे आमच्याकडं कापसाचं झाड. शिरस्तेदारानं डोळे वटारले. न्यायाधीशांनी ग्लास जवळ ओढून थोडा वेळ पाहिला. वर्धा जिल्ह्यात कापूस कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

शेवटचा प्रश्न आला. “म्हणजे आरोपीनं मुद्दाम मारलं नाही, असं तुमचं म्हणणं?”

“ते मला सांगता येणार नाही. माणसाच्या मनात काय होतं ते गोळीवर उमटत नाही. ती कापसातून गेली, आणि डॉक्टरांच्या अहवालाप्रमाणं वरून खाली तिरपी जाऊन पाठीत शिरली, एवढं उमटलं आहे.”

पुढं निकाल लागला. खून नाही, निष्काळजीपणानं मृत्यू घडवला असं ठरलं. आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा झाले आणि सुधाकर घरी आला. निष्काळजी तो होताच, याबद्दल माझ्या मनात दया नाही. भरलेलं हत्यार कपाटात ठेवणाऱ्या माणसाला मी आजही चार शब्द सुनावीन. पण तो निकाल नंतरचा. मला सांगायचं आहे ते साक्षीच्याच दिवशीचं.

दुपारी मी वर्ध्याच्या बसस्टँडवर पवनारच्या गाडीची वाट पाहत बसले होते. वच्छलाबाई शेजारी येऊन टेकल्या. साक्ष झाली होती, आता बोलायला हरकत नव्हती. मीच म्हटलं, “सकाळी तुमचा हात झिडकारला, मनात धरू नका. आत जे सांगायचं ते सांगितलंय. साहेबांना पटलंय असं वाटतं. सुधाकर सुटेल बहुतेक.”

“सुटन, नाई सुटन, थो देव पाहीन,” त्या म्हणाल्या. “सुधाकरनं जानून मारलं नाई, हे मले पयल्या दिसापासून मालूम होतं. मी माय होय त्याची. मले थे नाई इचारायचं.”

“मग?”

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, पदर नीट केला. मग म्हणाल्या, “सकायी भांडले ना दोघं. गुणवंता रुसून त्या ढिगाले टेकून बसला होता, रस्त्याकडं तोंड करून. जेवला नाई. मी म्हटलं, बसू दे, मायंदाय राग हाय, उतरन. सुधाकरले वाटलं, थो वावरात गेला. आवाज झाला आन् मी धावली. तोवर पोरगं बोलत नव्हतं. डोये उघडे होते.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “बाई, तुमाले त्या गोयीचं सारं समजते म्हनतात. मरतानी त्याले असं तं नसंन ना वाटलं, का माह्या भावानं मले मारलं?”

मी खूप खटल्यांत साक्ष दिली आहे. मोठमोठ्या वकिलांनी आडवंतिडवं विचारलं, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आमची शिस्त अशी की पुराव्यात जेवढं आहे तेवढंच बोलावं, त्यापलीकडं एक अक्षर नाही. मी मनात सगळं पुन्हा लावून पाहिलं. पाठीतली जखम. वरून खाली आलेला तिरपा मार्ग. खड्ड्यात ठासलेला कापूस. आणि माझ्या लक्षात आलं, की या बाईला दिलासा द्यायला मला खोटं बोलायची गरजच नाही.

“नाही पाहिलं त्यानं,” मी म्हटलं. “गोळी पाठीतून गेली. त्यानं मान वळवायच्या आधीच गेली. त्याला भाऊ दिसला नाही, हत्यार दिसलं नाही.” मग मला वाटलं, हे कोर्टाच्या भाषेत झालं. म्हणून वडिलांच्या भाषेत सांगितलं, “माय, त्याले काईच नाई दिसलं. मधात कापूस होता.”

“मधात कापूस होता,” त्या म्हणाल्या.

पवनारची गाडी लागली. कंडक्टर ओरडत होता, पण मी उठले नाही. वच्छलाबाई पदरानं डोळे पुसत होत्या, आवाज न करता, खूप वेळ. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. गाडी निघून गेली.

मग त्यांनी तोंड पुसलं, पिशवीतून भाकरीचं फडकं काढलं आणि अर्धी भाकर माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, “तवापासून कापसाले हात नाई लावला मी. वावरात सोयाबीनच पेरून राह्यलो. दारात कापसाची बैलबंडी दिसली तं तोंड फिरवत होती, म्हनो यानंच खाल्लं माह्यं पोरगं.”

त्यांनी आपल्या वाटणीच्या भाकरीचा तुकडा मोडला.

“यंदा लावू मंग पराटी,” त्या म्हणाल्या.